मुद्रित नगरचित्रांतील दृष्टिस्थान आणि अवकाश

१

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात नगरांची जी मुद्रित चित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत विहंगमचित्रांचे स्थान वेगळे आहे. नगर समोरून, म्हणजे नदीच्या पैलतीरावरून किंवा वेशीबाहेरच्या वाटेवरून रेखाटले, तर तट, मनोरे आणि कळस यांची एक रांग तेवढी हाती लागते; आतील रस्ते व चौक झाकलेले राहतात. उलट, नगराचा सपाट आराखडा काढला, तर रस्त्यांचे जाळे स्पष्ट होते, पण घर, चर्च, पूल यांचे रूप लोपते. विहंगमचित्राने ह्या दोन्ही पद्धतींतील उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यात नगर उंचावरून, तिरप्या दृष्टीने पाहिल्यासारखे दिसते. रस्तेही दिसतात आणि रस्त्यांवरील घरेही उभी दिसतात.

मराठीत ‘सिंहावलोकन’ आणि ‘विहंगावलोकन’ हे दोन शब्द शेजारी नांदतात. सिंह चालता चालता मान वळवून मागे पाहतो. त्याचे पाय वाटेवरच असतात. विहंग मात्र वाट सोडून वर जातो, आणि वाट हीच त्याच्या पाहण्याचा विषय होते. पहिल्या अवलोकनाचा अनुभव मनुष्यास नित्याचा आहे; दुसरे केवळ कल्पनेने घ्यावयाचे आहे. मनुष्य फुग्यात बसून प्रथम आकाशात गेला तो १७८३ मध्ये, आणि फुग्यातून पहिले छायाचित्र घेतले गेले ते १८५८ मध्ये. म्हणजे ही नगरचित्रे ज्या डोळ्याने पाहिल्याचे भासवितात, तो डोळा त्या काळी कोणासही नव्हता.

हा डोळा कोणाचा, हा प्रश्न केवळ कलेतिहासाचा नाही. जुन्या नगरांचा इतिहास लिहिताना ही चित्रे पुरावा म्हणून पुढे केली जातात. अमुक चौकात अमुक इमारत होती, अमुक रस्ता नदीपर्यंत जात होता, असे विधान करून आधारास चित्र दाखविले जाते. चित्राचा डोळा हा साक्षीदाराचा डोळा आहे, असे ह्यात गृहीत असते. ह्या गृहीताची तपासणी केल्यावाचून पुराव्याचे मोल ठरविता येणार नाही.

२

दूरची वस्तू लहान व जवळची मोठी दाखवून, मागे जाणाऱ्या समांतर रेषा एका लोपबिंदूकडे नेऊन, सपाट पृष्ठावर अंतराचा भास उत्पन्न करण्याच्या पद्धतीस यथादर्शन म्हणतात. लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने १४३५ मधील आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात ह्या पद्धतीची पहिली सुसंगत मांडणी केली. तिचा पाया असा की, चित्र म्हणजे एका स्थिर डोळ्याकडे येणाऱ्या दृष्टिकिरणांचा छेद. डोळा हलला की चित्र बदलले पाहिजे. ह्याच अल्बेर्तीने पुढील दशकात रोम नगराच्या वर्णनाची एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत कॅपिटोल टेकडी हे केंद्र धरून, अंशांत विभागलेले वर्तुळ आणि त्यावर फिरणारी पट्टी यांच्या साहाय्याने तट, वेशी व स्मारके यांची दिशा आणि अंतर आकड्यांत दिले आहे. ह्या आकड्यांवरून कोणासही रोमचा आराखडा पुन्हा काढता यावा, अशी ती योजना होती.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यथादर्शनाचा पहिला शास्त्रकार नगराकडे वळला तेव्हा त्याने यथादर्शनाचा उपयोग केला नाही. एका डोळ्याचे ज्ञान आणि नगराचे ज्ञान ही त्याच्या लेखी दोन भिन्न कामे होती. हा भेद त्याच्याही पूर्वीचा आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीने भूवर्णन आणि स्थलवर्णन यांत फरक केला होता. पहिल्याचे काम समग्र पृथ्वीचे प्रमाण सांगण्याचे, दुसऱ्याचे काम एखाद्या स्थळाचे रूप दाखविण्याचे. पहिले म्हणजे संपूर्ण मस्तकाचे चित्र, दुसरे म्हणजे केवळ कानाचे किंवा डोळ्याचे. पहिल्यास गणित हवे, दुसऱ्यास चित्रकाराचा हात हवा. टॉलेमीचा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये अनुवादित झाला आणि हा भेद युरोपीय विद्वानांच्या परिचयाचा झाला. विहंगमचित्राने ही विभागणी नाकारली: त्यास प्रमाणही हवे होते आणि रूपही.

हे दोन्ही एका वेळी प्रत्यक्षात कसे साधत असत, ह्याची एक साक्ष जॉर्जो वसारी याने ठेवली आहे. फ्लॉरेन्सच्या वेढ्याचे भित्तिचित्र पालात्सो व्हेक्कियोमध्ये काढताना, शक्य तितक्या उंच जागी, एका घराच्या छपरावर जाऊन आपण नगर रेखाटू लागलो, असे तो आपल्या संवादग्रंथात सांगतो. परंतु एका जागेवरून सारे दिसत नाही. जवळची टेकडी मागचा प्रदेश झाकते. तेव्हा होकायंत्राने दिशा घेऊन, जे दिसत नव्हते ते मोजून, त्याने चित्रात बसविले. वसारीचे चित्र मुद्रित नसून भिंतीवरचे आहे, तथापि त्याने कथन केलेली रीत त्या काळच्या नगरचित्रकारांची सर्वसाधारण रीत होती, असे म्हणावयास हरकत नाही. दिसलेल्या भागाच्या शेजारी मोजलेला भाग येतो, आणि दोहोंवर एकाच रंगाचा हात फिरतो.

लुचिया नुती यांनी १९९४ मधील आपल्या निबंधात सोळाव्या शतकातील अशा चित्रांस एक नवी ‘चित्रणाची भाषा’ म्हटले आहे. ‘भाषा’ हा शब्द तेथे प्रायः रूपकाने आलेला आहे. तो अधिक काटेकोर अर्थाने घेतल्यास काय निष्पन्न होते, ते पुढे पाहावयाचे आहे.

३

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्लॉरेन्सचे एक मोठे चित्र ‘साखळीचे चित्र’ म्हणून ओळखले जाते, कारण त्याच्या चौकटीभोवती साखळी व कुलूप काढलेले आहे. मूळ ताम्रपटावरील कोरीव चित्र फ्रान्चेस्को रोसेल्ली याचे मानतात. ते संपूर्ण उपलब्ध नाही. बर्लिन येथे असलेल्या काष्ठठशाच्या प्रतिकृतीवरून त्याचे स्वरूप कळते. नगर नैर्ऋत्येकडील टेकड्यांच्या बाजूने पाहिलेले आहे. उजव्या कोपऱ्यात, टेकडीवर, एक मनुष्य बसून समोरचे नगर रेखाटीत आहे.

हा मनुष्य चित्राचा कर्ता आहे, आणि त्याने जे पाहिले ते हेच, असा बोध प्रथमदर्शनी होतो. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर चित्राने येथे आपला प्रथमपुरुष दाखविला आहे: हे ‘मी’ पाहिले. परंतु थोडे थांबून पाहिले की ह्या बोधातील विसंगती ध्यानात येते. रेखाटणारा स्वतः चित्रात दिसतो, तोही मागून आणि वरून. म्हणजे चित्राचा डोळा त्याच्या डोळ्याहून निराळा आहे; तो त्याच्या पाठीमागे, त्याच्या डोक्याच्या वर, हवेत आहे. टेकडीवरील मनुष्य जे पाहू शकतो त्याहून चित्र अधिक पाहते. तरीही त्यास तेथे बसविलेले आहे, कारण चित्रातील ज्ञानास एका देहधारी साक्षीदाराची गरज वाटत होती. ‘मी’ हा शब्द उच्चारला गेला, पण विधान त्याचे नव्हे.

४

व्हेनिसच्या चित्रात हा ‘मी’ नाहीसा झाला. याकोपो दे बार्बारी याने रेखाटलेले आणि न्यूरेंबर्गचा व्यापारी आंतोन कोल्ब याने १५०० मध्ये प्रसिद्ध केलेले हे काष्ठमुद्रित चित्र सहा ठशांवर कोरलेले असून, सहा कागद जोडले असता ते सुमारे २ मीटर ८० सेंटिमीटर रुंद व १ मीटर ३५ सेंटिमीटर उंच होते. मूळ लाकडी ठसे व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात आजही आहेत. कोल्बने राज्यकर्त्यांकडे जो अर्ज केला, त्यात ह्या कामास तीन वर्षे लागल्याचे सांगून इतरांस ते छापण्यास मनाई व्हावी अशी विनंती केली होती. दक्षिणेकडून, सान जॉर्जो बेटाच्या वरून कोठून तरी पाहिल्यासारखे हे दृश्य आहे. शेवटी मुख्य भूमी आणि आल्प्स पर्वताची रांग दिसते. टेकडीवर बसलेला चित्रकार येथे नाही. व्हेनिसभोवती टेकडीही नाही. त्याच्या जागी ढगांवर बसलेला मर्क्युरी आहे, आणि खाली खाजणात नेपच्यून आहे. मर्क्युरी हा व्यापाराचा देव. त्याच्या हातातील सर्पदंड हीच बार्बारीची स्वाक्षरीची खूणही होती. जेथे मनुष्यास उभे राहता येत नाही, तेथे देवास बसविणे हे तर्कास धरूनच झाले.

ह्या चित्राविषयी युर्गेन शुल्त्झ यांनी १९७८ मध्ये लिहिलेला निबंध आजही मूलगामी मानला जातो. चित्रातील स्थळे आधुनिक नकाशाशी ताडून पाहता, नगराचे निरनिराळे भाग निरनिराळ्या प्रमाणात ताणलेले व दबलेले आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. एकाच शास्त्रशुद्ध मोजणीवरून एकाच नियमाने हे दृश्य काढले असते, तर विकृती नियमित आढळली असती. ती तशी नाही. उंच ठिकाणांवरून केलेली अनेक रेखाटने येथे जोडलेली आहेत. ह्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, अचूक स्थलवर्णन हा ह्या चित्राचा हेतूच नव्हता; ते व्हेनिसच्या राज्याचे एक दृश्य रूपक आहे.

शुल्त्झ यांचा पहिला निष्कर्ष मान्य करावाच लागेल. दुसऱ्याविषयी मात्र शंका उत्पन्न होते. केवळ रूपक हवे असते तर चिमण्या, खिडक्या, विहिरींची तोंडे, गोदीतील छपरे यांचा इतका तपशील कशासाठी? व्हेनिसच्या इतिहासकारांना ह्या चित्रातील पुष्कळ इमारती ओळखता येतात आणि त्यांचे १५०० च्या सुमाराचे रूप ठरविता येते. म्हणजे तुकड्यातुकड्याने चित्र विश्वसनीय आहे. अविश्वसनीय आहे ती तुकडे जोडणारी दृष्टी. चुकीचा नकाशा आणि उत्तम रूपक, ह्या दोन पर्यायांत हे चित्र बसत नाही. त्यातील प्रत्येक भाग ‘हे असे आहे’ म्हणतो आणि तो बहुधा खरा असतो. समग्र चित्र ‘हे असे एका वेळी, एका ठिकाणाहून दिसले’ म्हणते, आणि ते मात्र खरे नसते.

‘एका वेळी’ हे शब्द येथे सहेतुक योजले आहेत. सान मार्कोच्या घंटाघराचा शेंडा १४८९ मध्ये वीज पडून जळाला होता, आणि त्यावर तात्पुरते सपाट छप्पर होते. १५०० च्या चित्रात ते तसेच दिसते. १५१४ च्या सुमारास घंटाघर नव्या शिखरासह पुरे झाले, तेव्हा ठशात बदल करून नवे शिखर घालण्यात आले व वर्ष काढून टाकण्यात आले. पुढे तिसऱ्या वेळी छापताना शिखर पुन्हा काढून जुने रूप आणले गेले आणि १५०० हे वर्षही परत घातले गेले. बाकीचे नगर तिन्ही वेळा तेच. एकाच ठशाचा ‘आता’ प्रथम पुढे सरकला, मग मागे आला. जो वाचक केवळ छापील कागद पाहील, त्यास ह्या सरकण्याची कल्पना येणार नाही.

५

‘मी’, ‘येथे’ आणि ‘आता’ हे शब्द भाषेत विशेष प्रकारचे आहेत. त्यांचा अर्थ बोलणारा कोण, कोठे, केव्हा बोलतो यावर अवलंबून असतो. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये ह्या तीन शब्दांना भाषिक निर्देशाचा मूळबिंदू मानले, आणि हा मूळबिंदू कल्पनेने दुसरीकडे नेता येतो असेही दाखविले. घरी बसून प्रवासाची हकीकत सांगणारा मनुष्य ‘मग आम्ही असे उजवीकडे वळलो’ म्हणताना हात करतो, तो खोलीतील उजवीकडे नव्हे. ऐकणाराही त्याच्याबरोबर त्या कल्पित स्थळी जातो. विहंगमचित्र हे अशाच स्थलांतराचे उदाहरण होय. फरक इतकाच की, हकीकत सांगणारा त्या वाटेने एकदा गेलेला असतो, विहंगमचित्राचा डोळा त्या ठिकाणी कधीच गेलेला नसतो.

स्थळाचे वर्णन करताना सामान्य माणसे कोणता मार्ग धरतात, ह्याचा अभ्यास शार्लट लिंडे व विल्यम लॅबव्ह यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधील रहिवाशांना आपल्या घराची रचना सांगावयास लावली असता, बहुतेक सर्वांनी श्रोत्यास दारातून आत नेऊन, खोल्यांतून फिरवीत वर्णन केले. वरून पाहिल्यासारखा आराखडा सांगणारे अगदी थोडे निघाले. मनुष्याचे स्थलज्ञान पायांनी मिळालेले असते आणि भाषेत ते चालण्याच्या क्रमाने उतरते. विहंगमचित्र हा क्रम मोडते. ते चालून मिळविलेले ज्ञान एका क्षणात पाहिल्यासारखे दाखविते.

ह्या रूपांतरात जे हरवते ते मराठीच्या एका लहानशा शब्दाने स्पष्ट करता येईल. ‘त्या गावात मोठा तलाव आहे’ आणि ‘त्या गावात म्हणे मोठा तलाव आहे’ ह्या दोन वाक्यांत तलाव तोच आहे; बदलली आहे ती बोलणाऱ्याची जबाबदारी. ‘म्हणे’ म्हणजे हे ऐकीव आहे, त्याचा भार माझ्यावर नाही. कित्येक भाषांत असा भेद क्रियापदातच अनिवार्य असतो. दक्षिण अमेरिकेतील तुयुका भाषेत डोळ्यांनी पाहिलेले, अन्य इंद्रियांनी जाणलेले, खुणांवरून ताडलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि गृहीत धरलेले, ह्या पाचांसाठी वेगवेगळे प्रत्यय आहेत. भारतीय तर्कशास्त्रानेही प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही ज्ञानाची साधने वेगळी मानली, ती याच कारणाने.

चित्राच्या रेषेत ‘म्हणे’ नाही. कोरणाऱ्याने पाहिलेले घर, मोजमापावरून ताडलेले घर आणि कोणी सांगितले म्हणून बसविलेले घर, ह्या तिन्हींची रेषा सारखीच काळी आणि सारखीच निश्चित असते. यथादर्शन ह्यावर आणखी एक संस्कार करते. ते सर्व वस्तू एका डोळ्याच्या कक्षेत आणून त्या साऱ्यांना प्रत्यक्षाचा दर्जा देते. अनुमान आणि शब्द यांनी मिळालेले ज्ञान प्रत्यक्षाच्या वेषात उभे राहते. विहंगमचित्रांतील अवकाशाचा खरा प्रश्न तो भूमितीस धरून आहे की नाही हा नसून, ज्ञानाच्या साधनांमधील भेद त्याने कोठे व कसा पुसला, हा आहे.

६

ही दृष्टी घेऊन ‘सिव्हिटाटेस ऑर्बिस टेरारुम’ ह्या विख्यात संग्रहाकडे पाहता येईल. गेओर्ग ब्राउन याने संपादिलेला आणि आरंभी फ्रान्स होगेनबर्ग याने कोरलेला हा ग्रंथ कोलोन येथे १५७२ ते १६१७ या काळात सहा खंडांत निघाला. त्यात सुमारे ५४६ नगरदृश्ये व आराखडे आहेत. त्यातील अनेक दृश्ये योरिस हूफनागेल याने स्वतः प्रवास करून रेखाटली. तो १५६३ ते १५६७ च्या दरम्यान स्पेनमध्ये होता, आणि पुढे भूगोलज्ञ अब्राहम ओर्टेलियस याच्यासह इटलीत हिंडला. हूफनागेलच्या चित्रांवर त्याचे नाव असते, आणि इटलीतील काही दृश्यांत हे दोन प्रवासीच चित्रात दिसतात. फ्लॉरेन्सच्या टेकडीवरील मनुष्य येथे परत आला आहे, पण आता त्यास नाव आहे. ‘हे मी पाहिले’ असे म्हणण्याची सोय रेषेत नसल्यामुळे ती आकृतीने आणि अक्षराने केलेली आहे.

त्याच संग्रहाच्या पहिल्या खंडात, एकाच पानावर, आफ्रिकेतील अन्फा व अझेमूर आणि भारतातील दीव व गोवा अशी चार नगरे छापलेली आहेत. आशिया व आफ्रिकेतील अशी दृश्ये कोलोनच्या कॉन्स्टंटिन फॉन लिस्किर्शेन याने संपादकास मिळवून दिली. ती पोर्तुगीज मूळ साधनांवरून आलेली होती. ब्राउन किंवा होगेनबर्ग यांपैकी कोणीही गोवा पाहिलेला नव्हता. गोव्याच्या मथळ्यात नगर ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचे वर्ष १५०९ दिले आहे. वस्तुतः अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला तो १५१० मध्ये. हे वर्ष मजकुरात असल्यामुळे चूक पकडता येते. चित्रातील तट, घरे आणि जहाजे यांत अशी चूक असल्यास ती तितक्या सहज पकडता येणार नाही, कारण ग्रॅनाडा किंवा सेव्हिलचे दृश्य ज्या ठामपणे बोलते, त्याच ठामपणे गोव्याचेही बोलते.

ब्राउनला ह्या भेदाची मुळीच जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक दृश्याच्या मागील बाजूस त्याने नगराचे वर्णन छापले आहे. नगराचा इतिहास आणि इतरांच्या ग्रंथांतून घेतलेली माहिती अशा मजकुरातच सांगता येते. म्हणजे चित्राचा ‘म्हणे’ कागदाच्या पाठीवर छापलेला आहे. पण कागद भिंतीवर लावला की पाठ दिसेनाशी होते.

पुढील भागात काढलेल्या, स्थानिक वेषातील स्त्रीपुरुषांविषयी ब्राउनने दिलेले कारणही उद्बोधक आहे. तुर्कांस मानवाकृती पाहणे धर्मतः निषिद्ध असल्याने, अशा आकृती असलेली ही दृश्ये त्यांस युद्धाच्या कामी वापरता येणार नाहीत, असे तो प्रस्तावनेत म्हणतो. कारण पटण्याजोगे नाही. परंतु शत्रूस उपयोगी पडतील इतकी ही दृश्ये विश्वसनीय आहेत, अशी संपादकाची समजूत होती, किंवा निदान वाचकाची तशी समजूत व्हावी अशी त्याची इच्छा होती, हे त्यावरून उघड होते.

७

गोव्याचेच दुसरे उदाहरण ह्याहून अधिक बोलके आहे. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा ‘इटिनेरारियो’ हा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे निघाला. त्यात गोवा नगराचे एक मोठे विहंगमदृश्य आहे. त्यावर १५९५ हे वर्ष आहे. मांडवी, तीतील जहाजे, रस्त्यांच्या कडेने ओळीत बसविलेली घरे, मोठ्या आकाराच्या धार्मिक व सरकारी इमारती आणि पोर्तुगीज भाषेतील नावे अशी त्याची रचना आहे. येथे चित्राच्या मागे खरोखरीच एक साक्षीदार आहे; तो पाच वर्षे त्या रस्त्यांवरून हिंडलेला आहे. म्हणून ‘सिव्हिटाटेस’मधील गोव्यापेक्षा हा गोवा श्रेष्ठ ठरतो, आणि रस्त्यांच्या गुंतागुंतीत तो साक्षीदार जाणवतोही.

तथापि घरे पाहिली की ती बहुतेक एकाच ठशाची आहेत. रस्ता हा साक्षीचा, घर हे भरतीचे. ज्या इमारतींना नाव आहे त्यांना रूप आहे. ज्यांना नाव नाही त्या केवळ जागा व्यापतात. काळाचेही तसेच. चित्रावर १५९५ हे वर्ष असले तरी साक्षीदाराने नगर सोडले ते १५८८ मध्ये. बॉम जेझूच्या चर्चच्या बांधकामास आरंभ झाला १५९४ मध्ये. त्याविषयी हे चित्र होकारार्थी किंवा नकारार्थी कोणतीच साक्ष देऊ शकत नाही. वर्षाच्या आकड्यावर विसंबून जो अभ्यासक तशी साक्ष काढील, तो कोरणाऱ्याचा ‘आता’ पाहणाऱ्याच्या ‘आता’शी एकरूप मानण्याची चूक करील.

त्याच ग्रंथात गोव्याच्या मुख्य रस्त्यावरील बाजाराचे एक चित्र आहे. तेथे लिलाव चालला आहे. पालख्या, छत्र्या, घोडे, फेरीवाले आणि विक्रीस काढलेले गुलाम दिसतात. हे चित्र रस्त्यावरचे आहे. विहंगमदृश्यात तोच रस्ता दोन घरांच्या ओळींमधील पांढरी पट्टी होऊन राहतो. एकाच साक्षीदाराच्या दोन चित्रांतून गोवा असा दोन प्रकारे सांगितला गेला: एकदा चालणाऱ्याच्या क्रमाने, एकदा विहंगाच्या. पहिल्यात माणूस विकला जाताना दिसतो. दुसऱ्यात नगर सुबक, समृद्ध व निर्मनुष्यप्राय दिसते. एका चित्राने सांगितलेले दुसऱ्याने खोडलेले नाही, पण दुसरे एकटेच भिंतीवर लावले, तर पहिल्याची आठवण राहत नाही. साथीच्या रोगांनी हे नगर पुढे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. आज तेथे काही चर्चे व माडांच्या बागा उरल्या आहेत. घरे उरली नाहीत, म्हणून घरांविषयीचा पुरावा चित्रात शोधावा लागतो; आणि चित्र ज्या ठिकाणी सर्वांत दुर्बल आहे, ते ठिकाणही नेमके हेच.

८

पुढे अठराव्या शतकात पॅरिसच्या चित्राने डोळाच काढून टाकला. नगरप्रमुख मिशेल-एत्येन त्युर्गो याने १७३४ मध्ये लुई ब्रेते याजकडे हे काम सोपविले. वाड्यांत, घरांत आणि बागांत शिरून मोजमाप घेण्याची परवानगी ब्रेतेस देण्यात आली. क्लोद ल्यूका याने कोरलेली २० पाने १७३९ मध्ये प्रसिद्ध झाली. येथे समांतर रेषा समांतरच राहतात. लोपबिंदू नाही, क्षितिज नाही, दूरचे घर लहान होत नाही. म्हणजे हे दृश्य कोणत्याही एका ठिकाणाहून दिसत नाही, आणि तसे दिसते असा दावाही करीत नाही. एका दृष्टीने हे सर्वांत प्रामाणिक विहंगमचित्र होय. तृतीयपुरुषी ज्ञान येथे तृतीयपुरुषातच मांडलेले आहे.

परंतु प्रामाणिकपणाबरोबर काही गेलेही. बार्बारीच्या व्हेनिसमध्ये ताणलेले आणि दबलेले भाग पाहून, कोणता तुकडा कोणत्या मनोऱ्यावरून काढला असावा, ह्याचा विचार करता येतो. सांधे दिसतात, म्हणून जोडणी तपासता येते. ब्रेतेच्या पॅरिसमध्ये सारे एकाच नियमात बसविल्यामुळे सांधाच सापडत नाही. नियम सर्वत्र सारखा असला की माहितीही सर्वत्र सारखीच पक्की असेल, असा समज होतो. तो खरा असेलच असे नाही. विहंगमचित्रातील विसंगती हा म्हणूनच केवळ दोष नव्हे. भाषेत जे काम ‘म्हणे’ करतो, त्याच्या काहीसे जवळचे काम चित्रात ही विसंगती करते. मात्र ती चित्रकाराच्या इच्छेविरुद्ध करते.

चित्र आणि वाक्य यांचे हे साम्य मर्यादित आहे, हेही सांगितले पाहिजे. वाक्यास नकार देता येतो; चित्रास देता येत नाही. ‘येथे घर नव्हते’ हे रेषेने म्हणता येत नाही. कोरी जागा सोडता येते, आणि कोरी जागा रिकामेपणाची, अज्ञानाची किंवा केवळ अनास्थेची असू शकते. तेव्हा चित्रास वाक्य मानून त्याचे व्याकरण लावणे योग्य नव्हे. चित्राने कोणते भेद गाळले, हे ओळखण्यासाठी वाक्याशी तुलना उपयोगी पडते, एवढेच.

ह्या विवेचनावरून विद्यार्थ्यांनी व्यवहारात एक नियम पाळावयास हरकत नाही. विहंगमचित्र पुरावा म्हणून घेताना, त्यातील ज्या वस्तूविषयी विधान करावयाचे असेल ती प्रत्यक्ष पाहिलेली, अनुमानाने बसविलेली की ऐकीव, हे प्रथम ठरवावे. ठशाची कोणती आवृत्ती समोर आहे, ते पाहावे. आणि नावे कोणत्या भाषेत, कोणासाठी लिहिली आहेत, तेही तपासावे. ह्या प्रश्नांची उत्तरे बहुधा चित्राच्या मध्यभागी मिळत नाहीत. ती समासातील अक्षरांत, कोपऱ्यातील आकृतीत आणि कागदाच्या पाठीवर मिळतात. आधुनिक पुस्तकांत ही चित्रे छापताना समास कापला जातो, पाठ वगळली जाते आणि आवृत्तीचा उल्लेख राहून जातो. मग वाचकाच्या हाती केवळ डोळा उरतो, आणि तो डोळा कोणाचाही नसतो.